मला पटलेलं नाही

मी खोलीत शिरले तशी भाचीने एक डबा पटकन डायपरच्या पाकिटांमागे सरकवला. झाकण नीट बसलेलं नव्हतं, त्यामुळे दुपट्यावर थोडी पांढरी पूड सांडली. ती मी पाहिली. मी पाहिली हे तिने पाहिलं. मग आम्ही दोघीही बाळाकडे बघायला लागलो.

तिच्या आईला, सासूला, नवऱ्याला, कामाला येणाऱ्या मावशींनासुद्धा तो डबा माहीत होता. मामी येणार म्हणून तेवढा तो मागे गेला. आमच्या नात्यात कुणी बाळंत झालं की मी डिंकाचे लाडू आणि अहळीव घेऊन जाते आणि त्यांच्यासोबत न मागितलेलं बरंच काही नेते. अंगावरच पाजा, सहा महिने पाण्याचा थेंबही नको, बाटली घरात आणू नका. वीस वर्षं हेच बोलत आले. चुकीचं काही बोलत होते असं मला आजही वाटत नाही. पण माझी चाहूल लागली की बाळंतिणी डबे लपवतात, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

कळूनही मी गप्प बसले नाहीच.

"वरचं सुरू केलंस?"

"थोडंसं."

"अगं, दूध पुरत नाही असं सहसा नसतंच. बाळ जितकं ओढेल तितकं येतं. मागणी तसा पुरवठा." इथून माझी गाडी सुटली. बाळ ओढतं तेव्हा मेंदूतून प्रोलॅक्टिन सुटतं, त्याने दूध तयार होतं. ऑक्सिटोसिनने पान्हा फुटतो. वरचं दिलं की बाळाची भूक भागते, ते कमी ओढतं, म्हणून दूध आणखी कमी होतं. सगळं खरं. शेवटी मी हेही म्हणाले की ३० देशांमधल्या ४७ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून २००२ साली आलेल्या निष्कर्षानुसार, बाईने जितकं पाजलं त्यातल्या दर बारा महिन्यांमागे तिचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका ४.३ टक्क्यांनी घटतो. म्हणजे बघ, तुझ्याही फायद्याचंच आहे.

पोटावर टाके, डोळ्यांखाली काळं, बाळंत होऊन विसावा दिवस, आणि मी तिला कर्करोगाचे टक्के सांगत होते.

ती म्हणाली, "मामी, तू म्हणतेस ते सगळं बरोबर आहे."

आपल्याकडे हे वाक्य पटलं म्हणून क्वचितच म्हणतात. बहुतेक वेळा समोरच्याने आता थांबावं म्हणून म्हणतात.

माझ्या या कडवेपणाचं मूळ २००५ सालच्या साताऱ्यात आहे. मुलगा झाला तो ऐन एप्रिलमध्ये. घरात सासूबाई, सात भावंडांत वाढलेल्या, स्वतःची तीन बाळंतपणं झालेल्या, जावांची पाच निस्तरलेल्या. पहिल्याच दिवशी आमची जुंपली. त्या म्हणाल्या, "हे पहिलं दूध जड असतं, पिळून टाक." मी पुस्तकं वाचून तयारच होते. म्हटलं, "आई, शेजारी गाय व्याली की तिचा चीक मागून आणता, खरवस करून गल्लीभर वाटता. माझा तेवढा टाकून द्यायचा?"

बोलून गेले आणि जीभ चावली. बाळंतीण झाले तरी सासूला असं बोलायचं नसतं. त्या उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी शेपूची भाजी आणि बाजरीची भाकरी घेऊन आल्या, ताट ठेवलं आणि म्हणाल्या, "खरवसाचं बोललीस ते रात्रभर डोक्यात होतं. पाज तू." एवढंच.

मधाचं मात्र सोपं गेलं नाही. सोन्याच्या अंगठीने मध चाटवायचा हे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो, हे त्यांना कसं सांगावं? "आम्हा सातही जणांना चाटवला, सातही जण धडधाकट आहेत," या उत्तराशी भांडणं कठीण. पाण्याचंही तेच. एप्रिलचं ऊन, आपल्या घशाला कोरड पडते, मग त्या इवल्याशा जिवाला तहान लागणार नाही? त्यांनी कपाटातून चांदीचं बोंडलं काढलं, रांगोळीने लख्ख घासलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: बोंडलं म्हणजे तळहातात मावेल एवढी चोच असलेली वाटी, बाळाच्या ओठाला ती चोच लावून थेंब थेंब सोडायचा. आमच्या बोंडल्याच्या कडेला एक पोचा आहे. माझ्या नवऱ्याने दात येताना ते चावलं होतं म्हणे.

मी सांगितलं, आईच्या दुधात अठ्ठ्याऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, वेगळं लागत नाही. त्या म्हणाल्या, "माझ्या वेळी डॉक्टर घड्याळ लावून चार चार तासांनी पाजायला सांगत. नंतर म्हणाले, रडेल तेव्हा पाजा. वरचं खाणं आधी चार महिन्यांनी होतं, आता तू सहा म्हणतेस. तुमचे डॉक्टर दर दहा वर्षांनी बदलतात." या बोलण्यात तथ्य होतं, तेव्हा मी ते मानलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने चार ते सहा महिन्यांऐवजी पूर्ण सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध, अशी शिफारस केली ती २००१ मध्ये. म्हणजे माझ्या ठाम मताचं वय तेव्हा अवघं चार वर्षं होतं.

मग त्यांनी बोंडलं पुसलं, डब्यात ठेवलं आणि जे म्हणाल्या ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "तुझं लेकरू आहे. तुला विचारल्याशिवाय मी त्याच्या तोंडात काही घालणार नाही. पण मला पटलेलं नाही, हेही सांगून ठेवते."

तेव्हा मला हा हेका वाटला. धड हो नाही, धड नाही नाही. आज वाटतं, याहून सरळ वागणं मला कुणाकडून मिळालेलं नाही. माझ्या मैत्रिणींच्या सासवा तोंडावर "तू म्हणशील तसं" म्हणायच्या आणि सून अंघोळीला गेली की मधाचं बोट. तान्हं बाळ त्यांच्या मांडीवर टाकून मी तासन्‌तास झोपले. त्याच्या तोंडाला मधाचा वास येतो का, हे पहिल्या आठवड्यात एकदा हुंगून पाहिलं, खोटं कशाला सांगू. परत कधी नाही.

तेव्हा कायद्याने बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांची होती. सव्वीस आठवडे झाले ते २०१७ च्या दुरुस्तीनंतर. मी बँकेत. पुरवून पुरवून घेतलेली रजा संपली आणि मूल तीन-साडेतीन महिन्यांचं असताना काउंटरवर बसले. ब्लाउज ओला होऊ नये म्हणून आत रुमालाच्या घड्या. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोनदा वेळ मिळण्याचा हक्क १९६१ च्या कायद्यातच होता, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दुपारी एकच्या ठोक्याला सासूबाई रिक्षाने बाळाला घेऊन यायच्या. जुन्या लेजरांच्या खोलीत, झुरळांच्या गोळ्यांच्या वासात, मी त्याला पाजायची. त्या दाराबाहेर स्टुलावर बसून पहारा द्यायच्या. पाणी द्यायला हवं हे त्यांचं मत अजून कायम होतं, आणि पाणी न देता पाजता यावं म्हणून त्याच भर पावसात रिक्षात बसत होत्या.

ही गोष्ट मी पुढे शंभरदा सांगितली असेल. सांगताना रिक्षा, स्टूल, सासूबाई हळूहळू गळत गेल्या आणि उरले मी. मी केलं, मला जमलं. मनातल्या मनात स्वतःला हिरकणीच समजत होते.

हिरकणी आपल्या सगळ्यांच्याच मानगुटीवर बसलेली आहे. कोजागिरीला रायगडावर दूध विकायला गेलेली गवळण, सांजेला दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हं बाळ, म्हणून कडा उतरून गेली. दंतकथा म्हणा, पण बुरूज तिथे आहे आणि एसटी स्थानकांवर बायकांना पाजण्यासाठी ज्या खोल्या आहेत त्यांनाही हिरकणी कक्ष म्हणतात. (एका स्थानकावर मी कक्षाची किल्ली मागितली तर ती ज्यांच्याकडे असते ते साहेब जेवायला गेले होते. हिरकणीला कडा बरा पडला असता.) तर भाचीपुढे त्या दिवशी मी हिरकणीही काढली. तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर केली.

"मामी, हिरकणी बाळाला घरी ठेवून कामाला गेली होती. ते कुणी सांगत नाही. आणि दिवसभर ते बाळ काय प्यायलं, हेही नाही."

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

निघायच्या आधी तिने माझ्या हातात एक वही दिली. दोनशे पानी, साधी. "हे वाच. मग बोल."

रकाने आखलेले. वेळ, डावी, उजवी, पंप, वरचं, शू, शी. पहाटे ३.१०, डावी १२ मिनिटं, झोपला. ३.३०, पंप, दोन्हीकडून मिळून १५ मिली. ३.५५, वरचं २५. ५.४०, उजवी ८ मिनिटं, झोपला. असं एकवीस पानं. बाळ पस्तिसाव्या आठवड्यात, शस्त्रक्रिया करून झालेलं, १ किलो ९०० ग्रॅमचं. अशा बाळाला ओढायचं कळतं, पण तेवढा दम नसतो. चार घोट घेतले की पेंगतं. मागणी तसा पुरवठा, मी ऐटीत सांगितलं होतं. त्याच्या अंगात मागणी करायचीच ताकद नव्हती. म्हणून डॉक्टरांनी तिला तिहेरी काम लावून दिलं होतं: आधी अंगावर, मग उरलेलं पंपाने काढायचं म्हणजे दूध येत राहील, मग वाटीने वरचं. दर तीन तासांनी. तिघांत मिळून सव्वा तास जायचा, म्हणजे पुढच्या वेळेला पावणेदोन तास उरायचे, त्यात झोप, अंघोळ, जेवण आणि भेटायला आलेली मामी.

एका पानावर लिहिलं होतं, "३० मिली काढलेलं कट्ट्यावर ठेवलं होतं. मावशींनी उरलंसुरलं समजून वाटी घासली." आणि त्याच ओळीत पुढे, "रडले."

माझी नजर तिथे अडकली. बाळ असतं तर "रडला" लिहिलं असतं. पुढच्या पानावर आणखी दोनदा होतं. रकान्यांत शू आणि शी यांच्यासारखंच, काही वेगळं नसल्यासारखं.

पहिल्या चार दिवसांच्या नोंदींसमोर "दू. पे." असं होतं. मी विचारलं. दूधपेढी. तिला स्वतःला दूध उतरायला वेळ लागला, तेव्हा रुग्णालयाने बाळाला पेढीतलं दूध दिलं होतं. मुंबईत शीवच्या रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली, त्याची ही पुढची पिल्लावळ. दुसऱ्या बायांनी दिलेलं जास्तीचं दूध, तपासून, साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवून, मुख्यतः अशा कमी दिवसांच्या बाळांसाठी ठेवलेलं. नणंदबाईंनी हे पुढे कुणालाच सांगितलं नव्हतं, मलाही. का, तर एका जवळच्या नातेवाइकाने लगेच विचारलं होतं, "कुणाचं? म्हणजे, कुठल्या लोकांचं?" त्या "कुठल्या लोकांचं"चा अर्थ काय, हे महाराष्ट्रात वाढलेल्या कुणाला सांगायला नको.

परतीच्या वाटेवर सासूबाई गाडीत पुढे बसल्या होत्या. आता त्यांचं वय त्र्याऐंशी. सगळं त्यांच्यासमोर झालं होतं आणि खोलीत त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. कापूरहोळ आलं तशा म्हणाल्या, "धाराऊचं गाव."

१६५७ मध्ये पुरंदरावर संभाजीराजे झाले, सईबाईंची तब्येत साथ देत नव्हती, तेव्हा बाळाला पाजलं ते या कापूरहोळच्या धाराऊ गाडे हिने. शाळेत आपण हे शिकतो आणि दूधआई म्हणून तिला हात जोडतो. सईबाईंनी जरा जास्त प्रयत्न करायला हवा होता, असं म्हणणारा एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही.

सासूबाईंनी मग स्वतःचं सांगितलं, आधी कधी न सांगितलेलं. धाकट्या जावेला तापाने घेरलं होतं तेव्हा तिच्या मुलाला वीस दिवस यांनीच पाजलं, आपलं एक अंगावर असताना. "एकाला इकडे, एकाला तिकडे. तो अजून दिवाळीला आधी माझ्या पाया पडतो, मग त्याच्या आईच्या. तिला राग येतो."

घाट लागेपर्यंत त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझ्याशी भांडलीस तेव्हा तू बाळंतीण होतीस. आता ती आहे."

एवढ्यावर मी बदलून गेले असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. डब्याच्या धंद्याबद्दल माझं मत तेच आहे. सत्तरच्या दशकात गरीब देशांमध्ये परिचारिकांसारखे कपडे घातलेल्या विक्रेत्या बाळंतिणींना पावडरीचे नमुने वाटत होत्या. नमुना संपेपर्यंत अंगावरचं आटायचं, मग महागडी पावडर पुरवायची म्हणून पातळ कालवायची, तीही मिळेल त्या पाण्यात. बाळं त्याने दगावली. त्यातून बहिष्कार झाले, १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय संहिता आली आणि १९९२ मध्ये आपल्याकडे कायदा झाला. जाहिरात नाही, फुकट नमुने नाहीत, डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र नाही. हा कायदा मला प्रिय आहे. भाचीला मी फोनवर हे सगळं सांगितलं, आता दर दोन दिवसांनी आमचं बोलणं व्हायचं, आणि सुरुवात "झोपलीस का?" इथून करायची हे मी शिकले होते. तिने ऐकून घेतलं.

"कायदा चांगलाच आहे," ती म्हणाली. "पण त्याच कायद्याने डब्यावर मोठ्या अक्षरात छापावं लागतं ना, आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम. ते बाजारात डबा घेणारीसाठी असेल. मी दर तीन तासांनी वाचते."

दुसरी एक गोष्ट अजून मिटलेली नाही. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीने तिसऱ्या महिन्यात पाजणं बंद केलं. दूध होतं, बाळ नीट होतं, तिला नको होतं. माझं अंग माझं मला परत हवं, असं ती म्हणाली म्हणे. मला हे पटत नाही. मी भाचीला तसं सांगितलंही, सरळ. तिचं म्हणणं, बाईची तब्येत म्हणजे नुसतं हिमोग्लोबिन नव्हे, झोप नसलेली आणि सतत रडवेली आई बाळाच्या काय कामाची. मी म्हटलं, ते खरं, पण तू सांगतेस त्यात ती रडवेली कुठे आहे? "रडवेली व्हायची वाट बघायची का?" ती म्हणाली. आमचं यावर तीनदा झालंय. शेवटी तिने तोडगा काढला: "तुला पटलं नाही तर नको पटू दे, फक्त तिच्या घरी लाडू घेऊन जाऊ नकोस."

बारसं लांबलं होतं, ते दीड महिन्याने झालं. सासूबाईंनी ते बोंडलं लाल मखमलीच्या डबीत घालून नेलं. भाचीने उघडलं आणि हसायलाच लागली. "आजी, नर्स याच्यासारख्याच चोचीच्या वाटीने पाजायच्या! स्टीलची होती, एवढंच." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण मान जी ताठ झाली ती जेवणं होईपर्यंत खाली आली नाही.

पंपाचा आकडा आता पंचेचाळीसवर होता. वरचं दिवसातून दोनदा उरलं होतं. संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर भाची पैठणीतच आडवी झाली, आणि बाळ चुळबुळ करायला लागलं. बाप बाहेर खुर्च्या आवरत होता. गेले सहा आठवडे वाट्या उकळायचं काम तोच करतो आणि त्याला मात्र मत कुणीच विचारत नाही.

"मामी," ती डोळे न उघडता म्हणाली, "साठ मिली करतेस? डबा कट्ट्यावरच आहे."

पाणी उकळलं. जरा निवू दिलं, पण फार नाही. पूड गरम पाण्यातच मिसळायची असते. साठ मिली आधी मोजून घेतलं. दोन चमचे, सुरीच्या पाठीने सपाट केलेले, कारण शीग लावलेला चमचा बाळाला जड जातो आणि पातळ केलं तर पोषण जात नाही. वीस वर्षं ज्याच्या विरोधात बोलले ते कसं कालवतात, हे मी आदल्या रात्री वाचून घेतलं होतं. ते निवल्यावर मनगटावर थेंब टाकून पाहिला. सासूबाई पाटावर बाळाला घेऊन बसल्या होत्या. बोंडल्याची चोच त्यांनी ओठाच्या कडेला लावली आणि ते चुटुचुटु प्यायला लागलं.

मी झाकण लावलं आणि डबा फडताळात ठेवला. मोठ्या अक्षरांतली ओळ समोर येत होती. मी डबा फिरवून ती बाजू भिंतीकडे केली.